आई-बाबांसाठी स्मार्टवॉच घ्यावं का? आधी कशाची भीती वाटते ते ठरवा

मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला आणि आई-बाबा कोल्हापुरात. राजारामपुरीत जा, ताराबाई पार्कात जा, नाहीतर शिवाजी पेठेतल्या एखाद्या बोळात, अशी घरं आता जागोजागी आहेत. दिवाळी जवळ आली किंवा बाबांची पंच्याहत्तरी आली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय निघतोच: एक स्मार्टवॉच घेऊन टाकूया. बीपी कळेल, हार्टचं कळेल, पडले-बिडले तर आपल्याला फोन येईल. त्यामागची माया खरी असते. लांब राहणाऱ्या लेकरांना घोर लागलेला असतो आणि इथून तिथे काहीतरी करावं असं मनापासून वाटत असतं.

माझ्या आत्तीच्या (आत्याच्या) औषधपाण्याचं, दवाखान्याचं मी बघतो, त्यामुळे नात्यातले आणि गल्लीतले बरेच जण हा प्रश्न माझ्यापुढे टाकतात. मी त्यांना उलट विचारतो, नेमकी कशाची भीती वाटते? बीपीची, शुगरची, हार्ट अटॅकची, की आई घरात एकटी असताना मोरीत पाय घसरून पडेल याची? प्रत्येक भीतीवरचा इलाज वेगळा आहे. एखाद-दुसऱ्या बाबतीत घड्याळ खरोखर कामाला येतं. काही बाबतींत ते बिनकामाचं आहे. आणि काही ठिकाणी त्याच्या आकड्यावर विसंबून राहणं जिवावर बेतू शकतं. ते कसं, हे समजून घ्यायला आधी घड्याळ काय मोजतं ते बघू.

मागचा हिरवा दिवा

चालू घड्याळ उलटं करून बघा. मागच्या काचेतून हिरवा उजेड लुकलुकताना दिसतो. रक्त लाल असल्यामुळे ते हिरवा प्रकाश जास्त शोषतं. ठोका पडला की मनगटाच्या कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त ओसरतं आणि परत येणारा प्रकाश वाढतो. शेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो, त्यावरून नाडी कळते. ऑक्सिजनसाठी असेच लाल आणि इन्फ्रारेड दिवे असतात. शिवाय हात कसा हलतोय ते सांगणारे सेन्सर आत असतात.

घड्याळाकडे एवढंच भांडवल असतं. त्यातून नाडी बऱ्यापैकी थेट मिळते. झोप, ताण, बीपी असे बाकीचे बहुतेक आकडे या चढउतारावरून आणि हालचालीवरून बांधलेले अंदाज असतात. पडद्यावर मात्र सगळे आकडे सारख्याच ठळक अक्षरांत येतात. मोजलेलं कोणतं आणि अंदाजाचं कोणतं, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

नाडीचा आकडाही घड्याळ कातडीला नीट टेकलं तरच बरोबर येतो. आत्तीच्या मुलाने तिच्यासाठी घड्याळ पाठवलं, तेव्हा मी ते तिच्या हातात बांधलं. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, त्यांच्या मध्ये पाटल्या. हात खाली केला की सगळ्या बांगड्या घरंगळून घड्याळावर येत आणि एका बाजूने ते उचलून धरत.

"आत्ती, बांगड्या जरा वर सरकव की."

"सरकवल्या तरी खालीच येत्यात त्या. आन् काढायच्या न्हाईत हं, आदीच सांगून ठिवतो."

काढायला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. घड्याळ बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला दोन बोटं सरकवून बांधलं, तेव्हा ते नीट टेकलं. मग ती भाकरी थापायला बसली आणि पडद्यावर नाडी 140 च्या आसपास दिसायला लागली. मी तिच्या दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवून मोजली तर 84. हात एका तालात हलत असला की हालचालीच्या तालालाच घड्याळ नाडी समजून बसू शकतं. थापून झाल्यावर ती दोन मिनिटं शांत बसली आणि आकडा जागेवर आला. म्हणून नाडी बघायची ती बसून, हात स्थिर ठेवून. हात गार पडले असतील किंवा पट्टा सैल असेल तरी गडबड होते. वय झालं की कातडी पातळ होते, त्यामुळे करकचून आवळलेल्या पट्ट्याखाली पुरळ येतं. घट्ट नको, पण हलायलाही नको, असा पट्टा बसवायचा.

अजून एक. बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर नाडी मुळातच मंद असते. मग घड्याळाने "ठोके कमी आहेत" असा इशारा दिला म्हणून घाबरायचं नसतं. पण ती गोळी स्वतःहून बंदही करायची नसते. कितीच्या खाली गेलं तर फोन करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं.

बीपीसाठी घड्याळ घेऊ नका

सगळ्यात जास्त घड्याळं बीपीसाठीच घेतली जातात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून त्यात हवा भरतात. तो धमनी दाबतो, रक्त थांबतं, मग हवा हळूहळू सुटते आणि रक्त पुन्हा वाहायला लागताना धमनीत जी थरथर होते तिच्यावरून मशीन वरचा-खालचा आकडा काढतं. म्हणजे दाब मोजायला दाब द्यावाच लागतो. साध्या घड्याळात दाबणारं काहीच नसतं. ते नाडीच्या लाटेचा आकार बघून अंदाज बांधतं. सॅमसंगच्या घड्याळात हा अंदाज वापरण्याआधी दंडाच्या मशीनवर बीपी मोजून तो आकडा घड्याळाला द्यावा लागतो आणि दर 28 दिवसांनी हे पुन्हा करावं लागतं. दंडाचं मशीन घरात ठेवावंच लागत असेल तर बीपीसाठी घड्याळावर वेगळा खर्च कशाला? ॲपलने 2025 मध्ये बीपीचा इशारा आणला, पण ते घड्याळ आकडा दाखवतच नाही. 30 दिवसांच्या नोंदी बघून "बीपी जास्त असण्याची शक्यता आहे, तपासून घ्या" एवढंच सांगतं. पट्ट्यातच फुगा असलेली थोडी घड्याळंही निघाली आहेत. ती खरोखर दाब देऊन मोजतात, पण ती महाग आहेत आणि फार कमी लोकांकडे दिसतात.

आता दीड-दोन हजारांच्या घड्याळाकडे या. त्यात बीपी, ऑक्सिजन, कधी कधी शुगरसुद्धा असते. कुठल्याही मशीनशी जुळवून न घेता, बटण दाबलं की 118/76 असा छान आकडा येतो. दुकानातच तपासून बघायचं असेल तर घड्याळ पाण्याच्या बाटलीला बांधा. काही घड्याळं बाटलीचीही नाडी दाखवतात. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे वैद्यकीय उपकरण नाही, रोगाच्या निदानासाठी वापरू नये. ती ओळ दुकानात उभं राहूनच वाचा.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. आपल्याकडे गोळी टाळायला माणूस निमित्तच शोधत असतो. घड्याळात रोज छान आकडा दिसायला लागला की "आता बीपी नॉर्मल आहे, कशाला गोळी?" असं सुरू होतं. गोळी बंद होते, बीपी आतल्या आत चढत राहतं आणि कळतं ते थेट पक्षाघाताच्या वेळी. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही, म्हणून खोटा नॉर्मल आकडा आकडाच नसण्यापेक्षा वाईट.

त्यापेक्षा दंडाचं चांगलं डिजिटल मशीन घ्या. ते दीड ते अडीच हजारांत येतं. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्याने आकडा वाढीव येतो. एकदा ते दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको आणि मिश्रीही नको. मिश्री लावणाऱ्या आज्या ती तंबाखूत धरत नाहीत, पण निकोटीन तिच्यातही असतंच आणि त्याने बीपी आणि नाडी दोन्ही वाढतात. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि वहीत तारखेसह लिहायचं. घरी शांतपणे घेतलेला आकडा सतत 135/85 च्या वर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

आणि एक मोजणी बहुतेक घरांत कुणी करत नाही. बसून मोजल्यावर उभं राहायचं आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचं. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने घसरला तर सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी का येते ते कळतं. म्हातारपणी पडण्याचं हे मोठं कारण आहे. गोळ्यांची मात्रा किंवा वेळ बदलून ते बरंचसं आटोक्यात येतं, पण तो बदल डॉक्टरांनी करायचा. ज्यांचा तोल जातो त्यांची ही मोजणी शेजारी कुणीतरी उभं असतानाच करावी.

शुगर

सुई न टोचता मनगटावरून साखर मोजणारं विश्वासाचं घड्याळ अजून आलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर इशारा दिला की, स्वतःच साखर मोजतं म्हणणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा. त्याची केसासारखी तार कातडीखाली असते, काही सेन्सर 14 दिवस चालतात आणि त्याचा आकडा फोनवर किंवा घड्याळावर दिसू शकतो. तिथे मोजतो तो सेन्सर, घड्याळ फक्त दाखवतं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने घड्याळाच्या अंदाजावर मात्रा ठरवली तर साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे शुगर दाखवणारं स्वस्त घड्याळ घरात आणूच नका, इथे माझं दुसरं मत नाही.

ऑक्सिजनचंही थोडक्यात सांगतो. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा चुलीच्या धुराने खराब झालेली फुप्फुसं असतील तर कोरोनात घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर कपाटातून काढून नव्या सेलसह वापरा. बोटातून प्रकाश आरपार जातो, मनगटावर तो फक्त परावर्तित होऊन येतो. त्यामुळे बोटाचा आकडा जास्त भरवशाचा. दम लागलेला असेल तर आकडा चांगला दिसला तरी दवाखाना गाठायचाच.

हृदय: घड्याळाची जमेची बाजू आणि सगळ्यात मोठा गैरसमज

वय वाढलं की काहींच्या हृदयाचे वरचे दोन कप्पे तालात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरायला लागतात. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, बोलताना एएफ. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं आणि त्याची गुठळी होते. ती गुठळी मेंदूकडे गेली की पक्षाघात. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी हा धोका खूप कमी होतो. पण अडचण अशी की एएफ येतं-जातं. दवाखान्यात ईसीजी काढताना नेमका ताल ठीक असतो. अनेकांना छातीत धडधडही जाणवत नाही.

इथे घड्याळाचा खरा उपयोग आहे, कारण ते दिवसरात्र हातावर असतं. नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर वेडंवाकडं झालं आणि तसंच पुन्हा पुन्हा दिसलं तर चांगली घड्याळं इशारा देतात. अमेरिकेत 4,19,297 जणांवर ॲपलच्या घड्याळाचा अभ्यास झाला, 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकूण लोकांपैकी असा इशारा फक्त 0.52 टक्के लोकांना आला. चाळिशीच्या आतल्यांत हे प्रमाण 0.16 टक्के, तर पासष्टीच्या पुढे 3.1 टक्के. म्हणजे हे साधन तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांच्या कामाचं जास्त. इशारा आलेल्यांना नंतर छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी पाठवली. ज्यांच्या पट्ट्या तपासायला परत आल्या, त्यांतल्या 34 टक्क्यांत एएफ पकडलं गेलं. बाकीच्यांचे इशारे खोटे होते असं लगेच म्हणता येत नाही, कारण पट्टी लावेपर्यंत दिवस गेले होते आणि एएफ येतं-जातं. पण इशारा आला म्हणजे रोग झालाच, असंही नाही. इशाऱ्याचा अर्थ एवढाच की हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. ते ईसीजी काढतील, गरज वाटली तर 24 तास ठोक्यांची नोंद ठेवणारं होल्टर नावाचं यंत्र लावतील. रक्त पातळ करायची गोळी घड्याळाच्या इशाऱ्यावर स्वतःहून कधीच सुरू करू नये, त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

काही घड्याळांत ईसीजीही निघतो. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर, 30 सेकंद स्थिर. त्याची पीडीएफ डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवता येते. छातीत धडधड सुरू आहे त्याच क्षणी ईसीजी हाती लागणं याला मोल आहे. ॲपलच्या स्वस्तातल्या एसई मॉडेलमध्ये अनियमित ठोक्यांचा इशारा आहे, पण ईसीजी नाही. घेताना हे बघा.

आता गैरसमजाचं सांगतो. घड्याळाला हार्ट अटॅक कळत नाही. दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी बघतो, घड्याळ एकाच बाजूने. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली तरी ठोक्यांचा ताल ठीक असू शकतो, आणि मग घड्याळ सगळं सुरळीत असल्याचं दाखवतं. कंपन्याही आपल्या माहितीत हे स्पष्ट सांगतात. म्हातारपणी आणि मधुमेहात अटॅक नेहमी छातीत कळ येऊनच येतो असं नाही. घाम फुटतो, दम लागतो, जबडा किंवा डावा हात दुखतो, पोटात मळमळतं. "रात्री तांबडा रस्सा जास्त झाला, पित्त झालंय" म्हणून घरात सोड्याचं पाणी पाजलं जातं आणि त्यात सोन्यासारखा वेळ जातो. अशा वेळी घड्याळ बघायचं नाही. 108 ला फोन लावायचा किंवा जवळ गाडी असेल तर थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय), नाहीतर जिथे हृदयाची सोय आहे असा दवाखाना गाठायचा. तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं तर ती पक्षाघाताची लक्षणं, तेव्हाही लगेच 108. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा.

पडलं तर कळणार कुणाला?

आई किंवा बाबा एकटे राहत असतील तर घड्याळ घ्यायचं सगळ्यात सबळ कारण हे. पडल्याने हाड मोडतं तेवढंच नुकसान नसतं. तासन् तास फरशीवर पडून राहिल्याने माणूस आणखी खचतो. अंग गार पडतं, पाणी कमी पडतं, स्नायूंना इजा होते.

ॲपलच्या घड्याळांत 2018 च्या सिरीज 4 पासून, तसंच सॅमसंग आणि गुगलच्या काही घड्याळांत पडणं ओळखायची सोय आहे. एकदम खाली जाणं, मग जोराचा दणका, मग स्तब्धता, असा क्रम सेन्सरला दिसला की घड्याळ थरथरतं आणि "ठीक आहात का?" असं विचारतं. ॲपलच्या घड्याळात माणूस जवळपास मिनिटभर हलला नाही तर घड्याळ मोठ्याने वाजत उलटी मोजणी करतं, तातडीच्या नंबरला स्वतःहून फोन लावतं आणि घरच्यांना ठिकाणासह मेसेज पाठवतं. आपल्या देशात तातडीचा नंबर 112. ॲपलमध्ये वय 55 च्या पुढे असेल तर ही सोय आपोआप चालू होते, पण ते नोंदवलेल्या जन्मतारखेवरून ठरतं. मुलाने सेटिंग करताना घाईत स्वतःची जन्मतारीख टाकली तर ती आपोआप कायमची चालू होत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू आहे याची खात्री करा.

तिच्या मर्यादाही नीट समजून घ्या. धाडकन पडलेलं तिला कळतं. भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेलं, पलंगावरून घसरलेलं बऱ्याचदा कळत नाही. उलट हाताला जोराचे हिसके बसले तर ती उगीच वाजूही शकते. साध्या, बिनसिमच्या मॉडेलला मोबाइल जवळ असावा लागतो. फोन माडीवर आणि आई परड्यात असेल तर निरोप जाणार कसा? सिमचं मॉडेल घेतलं तर फोन जवळ नसला तरी चालतं, पण महिन्याचा खर्च वाढतो आणि घरात त्या कंपनीची रेंज पाहिजे. गगनबावडा-राधानगरीकडच्या वाडीवस्तीवर आई राहत असेल तर आधी अंगणात, मोरीत आणि झोपायच्या खोलीत रेंज येते का ते बघून या.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. माणसं पडतात मोरीत आणि रात्री लघवीला उठल्यावर. आणि घड्याळ नेमकं त्या दोन वेळांना हातात नसतं. अंघोळीला जाताना घड्याळ काढून कोनाड्यात ठेवायची सवय आयुष्यभराची. रात्री ते चार्जिंगला लावायची पद्धत घरातल्या मोबाइलवरून आलेली. ॲपल, सॅमसंगची बहुतेक घड्याळं एक-दोन दिवसच चालतात, त्यामुळे रोज कधीतरी चार्जिंग करावंच लागतं. म्हणून चार्जिंगची वेळ संध्याकाळची ठेवा, सगळे टीव्हीसमोर बसलेले असतात तेव्हा. रात्री झोपताना घड्याळ हातात पाहिजे. अंघोळीलाही ते हातातच राहू द्या. चांगली घड्याळं पाण्याला टिकतात, फक्त साबण नंतर साध्या पाण्याने धुऊन टाकायचा. ही सवय लागणार नसेल तर पडण्याच्या भीतीपोटी घड्याळ घेण्यात अर्थ नाही.

आणि इशारा आल्यावर धावणार कोण? मुलगा पुण्यात, त्याला मेसेज पोचला, तरी त्याला यायला चार-पाच तास. म्हणून पहिला नंबर गल्लीतल्या माणसाचा टाका. शेजारच्या काकू, खालचा दुकानदार, तालमीतलं एखादं ओळखीचं पोरगं, त्यांना आधी विचारून. त्यांच्याकडे घराची किल्ली द्या. एवढं करूनही एक गोष्ट राहतेच, ती म्हणजे आतून लावलेली कडी. शेजारी धावत आले आणि दार आतून बंद, मग सुतार शोधा, दार फोडा. दाराला बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवा आणि रात्री आतली कडी लावायची नाही असं ठरवा. मोरीची कडी तर काढूनच टाकलेली बरी.

खरं तर पैसे आधी इथे घाला. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा, न घसरणारी जाळी, पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा बारीक दिवा. जुन्या घरांतल्या उंच उंबऱ्यांच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी मारा. गुळगुळीत तळाची चप्पल ओल्या फरशीवर नको. मोतीबिंदू पिकला असेल तर ऑपरेशन लांबवू नका, आणि झोपेची गोळी चालू असेल तर तिची खरंच गरज आहे का ते डॉक्टरांना विचारा. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी चालणं झाल्यावर कठड्याला धरून एका पायावर उभं राहून बघावं, सुरुवात तिथूनही करता येते. घड्याळ पडल्यावर बोलावतं, ही कामं पडण्यापासूनच वाचवतात.

घेणारच असाल तर

फोन आधी बघा. ॲपलच्या घड्याळाला आयफोन लागतो. आईकडे अँड्रॉइड आहे आणि मुलाकडे आयफोन, तर मुलाच्या फोनवरून आईचं घड्याळ चालवायची "फॅमिली सेटअप" नावाची सोय ॲपलमध्ये आहे. पण त्यासाठी सिमचं मॉडेल लागतं, आणि त्यात ईसीजी आणि अनियमित ठोक्यांचा इशारा मिळत नाही. म्हणजे ज्यासाठी एवढे पैसे घातले तेच नाही. आपल्या सिमकंपनीकडून ती सोय मिळते का, हेही आधी विचारा. आई-बाबांकडे अँड्रॉइड असेल तर त्याच्याशी जुळणारं घड्याळ घ्या आणि कोणती सोय कोणत्या फोनवर चालते ते दुकानदाराला चालू करून दाखवायला सांगा.

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं शॉकचं यंत्र असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. घड्याळात, चार्जरमध्ये आणि काही पट्ट्यांत लोहचुंबक असतं. घड्याळ आणि फोन त्या यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धा फूट लांब ठेवावेत. घड्याळाचा हात छातीवर ठेवून झोपायची सवय असेल तर हे आधी सांगायला पाहिजे. चरबी आणि स्नायू मोजण्यासाठी अंगातून बारीक वीज सोडणारी जी सोय काही घड्याळांत असते, ती तर पेसमेकरवाल्यांनी वापरायचीच नाही.

आणि ज्यांच्या हातात ते घड्याळ बांधायचं त्यांना विचारलं आहे का? पुण्यात बसून मुलगा आईची नाडी, तिची झोप, ती आत्ता अंबाबाईच्या देवळात आहे की भाजी मंडईत, सगळं बघू शकणार. काही जणींना त्याचा आधार वाटतो, काहींना पाळत ठेवल्यासारखं वाटतं. दोन्ही बरोबर आहेत. काय दिसणार आणि कुणाला दिसणार ते त्यांना बसवून सांगा आणि नको म्हणाले तर ऐका. ज्यांचा स्वभाव मुळातच काळजीचा आहे, जे दर दहा मिनिटांनी आकडा बघून रात्रभर जागे राहतील, त्यांच्यासाठी तर घड्याळ न घेणंच औषधासारखं आहे.

आत्तीच्या बाबतीत ठरवताना आम्ही हेच सगळं बघितलं. तिला एएफची शंका नाही, मामा (आत्तीचे यजमान) घरात असतात, ती एकटी कधी नसते. तिच्यापुरतं बीपीचं मशीन, वही आणि मोरीतला दांडा पुरेसा आहे. ते घड्याळ आता मामा घालतात, कारण ते पहाटे अंधारात एकटेच पंचगंगेवर जातात. त्यांनी स्वतः मागून घेतलं. पहिला नंबर गंगावेशीतल्या त्यांच्या दूधकट्ट्यावरच्या मित्राचा टाकलाय, दुसरा माझा, आणि मुलाचा तिसरा.